अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताय? जुना फोन दारातच देऊन टाकू नका, आणि बाकीच्या या चुकाही टाळा

माझं नाशिकला घरगुती फराळाचं आणि मसाल्यांचं काम आहे, सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. मागच्या नवरात्रात, आठ वर्षं अँड्रॉइड वापरल्यावर, पहिल्यांदा आयफोन घेतला, ऑनलाइन सेलमधून, जुना फोन एक्सचेंजला लावून, कारण त्यात चांगले नऊ हजार सुटत होते. डिलिव्हरीवाला दादा आला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि माझं तळण चालू होतं. तो म्हणाला, ताई फोन रीसेट करून द्या, जरा लवकर करा, अजून बऱ्याच डिलिव्हऱ्या आहेत. मी हात पुसले, व्हॉट्सॲपचा बॅकअप झालाय का तेवढं बघितलं, पहाटे दोनचा झालेला दिसला, म्हटलं झालं आपलं काम, आणि दारातच फोन रीसेट करून त्याच्या हातात दिला. संध्याकाळी निवांत बसून नवीन फोनवर व्हॉट्सॲप टाकलं, नंबर टाकला, ओटीपी आला, आत गेले तर चॅटची यादी पूर्ण रिकामी.

तो बॅकअप होता गूगल ड्राइव्हवर. आयफोनवरचं व्हॉट्सॲप गूगल ड्राइव्हचा बॅकअप घेतच नाही, त्याला आयक्लाउडचा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या ऑनलाइन साठ्यातला लागतो. म्हणजे बॅकअप जागेवर आहे पण या फोनवर तो उघडणार नाही, आणि ज्या फोनवरून चॅट सरळ हलवता आले असते तो फोन मी दुपारीच देऊन बसले. चार वर्षांच्या ऑर्डरी गेल्या. कॉलेज रोडच्या एका काकूंना चिवड्यात लसूण चालत नाही, एका ताईंचे अनारसे दरवर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीच लागतात, कोणाचा किती ॲडव्हान्स आलाय, हे सगळं त्या चॅटमध्येच होतं, वहीत काहीच नाही. त्या दिवाळीत एकेकीला फोन करून परत विचारलं. म्हणून कळकळीने सांगते, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल पण जुना फोन कमीत कमी आठ-दहा दिवस घरात, चार्ज करून, चालू ठेवा.

एक्सचेंजचा मोह सगळ्यांना होतो, मला कळतं ते. पण ऑनलाइन एक्सचेंजमध्ये नवीन फोन हातात येतो त्याच मिनिटाला जुना द्यावा लागतो, दोन्ही फोन शेजारी ठेवून काम करायला वेळच मिळत नाही. त्यापेक्षा एक्सचेंज न लावता घ्या आणि जुना नंतर सावकाश विका, हजार-दीड हजार कमी आले तरी चालतील. किंवा दुकानातून घेत असाल तर दुकानदाराला सरळ सांगा की जुना फोन आठ-दहा दिवसांनी आणून देतो, ओळखीचा असेल तर ऐकतो.

आता चॅट नीट कसे हलवायचे ते, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. नंतर बहिणीने आयफोन घेतला तेव्हा आम्ही दोघींनी तिच्या डायनिंग टेबलवर बसून केलं. प्ले स्टोअरवर 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲपलचंच ॲप आहे, ते जुन्या फोनवर घ्यायचं. नवीन आयफोन पहिल्यांदा चालू केला की सेटअपमध्ये डेटा कुठून आणायचा असं विचारतो, तिथे अँड्रॉइड निवडायचं, तो एक कोड दाखवतो, तो जुन्या फोनवर टाकायचा. मग काय काय हलवायचं त्याची यादी येते, त्यात व्हॉट्सॲपवर टिक करायची, की जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडतं, तिथे स्टार्ट दाबायचं, सगळं तयार झालं की पुढे जायचं. शेवटी आयफोनवर ॲप स्टोअरमधून व्हॉट्सॲप घेऊन त्याच नंबरने लॉगिन करायचं, नंबर बदलला तर चॅट येत नाहीत. दोन्ही फोन चार्जिंगला लावूनच ठेवा. आणि हो, चॅट हलवल्यावर जुन्या फोनवरचा डेटा आपोआप पुसला जात नाही, त्यामुळे काही राहिलंय असं वाटलं तर तो फोन आहेच, फक्त तो घरात असला पाहिजे. कॉल हिस्ट्री मात्र येत नाही.

यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे लोक उत्साहात आयफोनचा सेटअप आधीच पूर्ण करून टाकतात, फोटोबिटो काढतात, आणि मग चॅट आठवतात. हा सगळा मार्ग पहिल्या सेटअपमधलाच, त्यामुळे मग आयफोन परत रीसेट करून पहिल्यापासून बसायचं. दुसरं, डेटा जात असताना जुन्या फोनवर दुसरं ॲप उघडलं किंवा एखादा फोन घेतला की काम मधेच थांबतं. बहिणीचे २२ जीबी जायला जवळजवळ चार तास लागले आणि तेवढ्यात तिला तीन कॉल आले, तिसरा तिने सवयीने उचलला आणि पूर्ण परत करावं लागलं. दुसऱ्यांदा आम्ही जुन्या फोनचं सिम काढूनच ठेवलं, ॲप स्क्रीनवर उघडं ठेवलं आणि जेवायला बसलो. व्हॉट्सॲपच्या ओटीपीसाठी ते सिम शेवटी आयफोनमध्येच लागतं, त्यामुळे काही बिघडलं नाही.

यूपीआयचं आधी माहीत असलेलं बरं. फोन बदलला की यूपीआय परत रजिस्टर करावं लागतं, आणि त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक एसएमएस जातो. अँड्रॉइडवर ॲप तो स्वतःच पाठवतं, आपल्याला कळतही नाही. आयफोनवर मेसेजची स्क्रीन उघडते, त्यात काहीतरी अक्षरं-आकडे लिहिलेले असतात, ते एक अक्षरही न बदलता तुम्ही स्वतः सेंड दाबायचं. दोन सिम असतील तर मेसेज बँकेच्याच सिमवरून जातोय का ते बघा, रजिस्ट्रेशन परत परत फेल होत असेल तर नव्वद टक्के वेळा मला इथेच गडबड दिसलीये. नाहीतर रिचार्जमध्ये एसएमएस नसतात, स्वस्तातल्या काही पॅकमध्ये ते खरंच नसतात.

आणि त्यानंतरची गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. नवीन फोनवर यूपीआय चालू केलं की सुरुवातीला ५००० रुपयांचीच मर्यादा असते, अँड्रॉइडवर ती साधारण २४ तास, आयफोनवर बहुतेक बँका ७२ तास ठेवतात. फसवणूक थांबवायला आहे ती, बरोबरच आहे, पण मला नेमके त्याच दिवशी होलसेलवाल्याला बेसन आणि तुपाचे १४ हजार द्यायचे होते आणि मी त्याच्या काउंटरसमोर उभी. शेवटी एटीएममध्ये जाऊन आले. तेव्हा मोठं पेमेंट, भाडं, फी, ईएमआय काही असेल तर फोन बदलायच्या आधी करून मोकळे व्हा, आणि तीन दिवस पाकिटात रोख ठेवा.

त्याच दिवशी ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं, फोनच्या आतलंच सिम, करायला जाऊ नका प्लीज. नवीन सिम किंवा ई-सिम घेतलं की आपल्याकडे त्या नंबरवरचे एसएमएस २४ तास बंद राहतात, येणारेही आणि जाणारेही. म्हणजे ओटीपी नाही, यूपीआय रजिस्ट्रेशन नाही, बँकेचं ॲप नाही. आहे तेच नॅनो सिम काढून नवीन फोनमध्ये घाला, सगळं बसलं की महिन्याभराने ई-सिमचं बघा. आयफोन एअर घेणार असाल तर त्यात सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, तेव्हा तो एक दिवस गृहीत धरूनच तारीख ठरवा. (ऑफिसच्या मेलसाठी सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर तेही जुना फोन हातात असतानाच नवीनवर घ्या, एक्सपोर्टचा क्यूआर दाखवायला जुनाच फोन लागतो.)

दुकानात आणखी एक प्रकार चालतो आणि त्याचा मला फार राग येतो. गिऱ्हाईकाला ईमेल आठवत नाही म्हणून तिथला पोरगा स्वतःच्याच कुठल्यातरी मेलवर ॲपल अकाउंट काढून देतो, पासवर्ड कागदावर लिहून देतो, तो कागद हरवतो. पुढे कधी फोन रीसेट केला की तो तेच अकाउंट आणि तोच पासवर्ड मागतो, आणि दिला नाही तर फोन नुसता ठोकळा. अकाउंट स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या नंबरवर, स्वतः बसून काढा. आणि बिल जपून ठेवा, लॉक काढायला ॲपलकडे जायची वेळ आली तर खरेदीचा पुरावा लागतो. सेकंडहँड घेत असाल तर जुन्या मालकाला समोर बसवून त्याचं अकाउंट काढायला लावा, आणि *#०६# डायल करून जो आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येतो तो घ्या, इंग्रजीत KYM लिहून, स्पेस देऊन पुढे तो क्रमांक टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा, म्हणजे तो फोन ब्लॉक केलेला आहे का ते कळतं.

कॉन्टॅक्टचं थोडक्यात. अँड्रॉइडवर नंबर तीन ठिकाणी असतात, सिमवर, फोनमध्ये आणि गूगल अकाउंटवर, आणि कुठला कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं. जुन्या फोनवरच सगळे गूगलवर घ्या आणि आयफोनच्या सेटिंगमध्ये तेच गूगल अकाउंट जोडा. आयफोन सिमवरचे नंबर आत घेऊ शकतो पण सिमवर नंबर सेव्ह करत नाही.

फोटो सगळे आयक्लाउडवर हलवायचा आटापिटा करू नका, फुकटात ५ जीबीच मिळतात, आठवड्यात भरतात आणि मग रोज स्टोरेज फुलचा मेसेज. गूगल फोटोज आयफोनवरही तसंच चालतं. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'मध्ये अपलोड झालेले फोटो तर गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजलेही जात नाहीत, ते आहेत तिथेच राहू द्या. आणि आयक्लाउड फोटोज चालू केलंच असेल तर जागा करायला म्हणून फोनमधून फोटो डिलीट करू नका, ते क्लाउडवरूनही जातात. ३० दिवसांत 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये बघितलं तर परत मिळतात.

फॉर्म भरणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी एक. आयफोनचे फोटो एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये निघतात, तो झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा उघडत नाही आणि पोर्टलला जेपीजीच हवा असतो. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करून टाका. भाचीच्या ॲडमिशनच्या वेळी शेवटच्या दिवशी हे कळलं, दुकानात आधीच बारा जण रांगेत.

चार्जर बॉक्समध्ये येत नाही. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे त्यामुळे घरातला चार्जर चालतो, कंपनीचा खास फास्ट चार्जर असेल तर आयफोनवर तो हळू चालेल एवढंच. १४ किंवा त्याच्या आधीचा जुना मॉडेल घेतलात तर वेगळी केबल लागते.

बॅक बटण नाहीये म्हणून पहिले दोन-तीन दिवस चिडचिड होते, बहुतेक ॲपमध्ये स्क्रीनच्या डाव्या कडेवरून बोट आत ओढलं की मागे जातं, हात बसतो. मराठी कीबोर्डही नसतो असं समजून लोक मिंग्लिशमध्ये लिहायला लागतात, तो सेटिंगमध्ये जनरल, कीबोर्ड इथून जोडायचा, मग पृथ्वीच्या गोलाच्या खुणेवर दाबलं की मराठी येतं.

एवढं सगळं करून फायदा काय, असं सासूबाईंनी मला विचारलं होतं. रोजच्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडला तो फेस आयडी. पीठ लागलेल्या, तेलकट बोटाने जुना फोन कधीच उघडायचा नाही, दर वेळी हात धुवा, पुसा, मग ऑर्डर बघा. आता ओट्याला फोन उभा करून ठेवते, नुसतं बघितलं की उघडतो, आणि शंकरपाळी लाटता लाटता ऑर्डर वाचून होते. दुसरं म्हणजे नोट्समध्ये कागद स्कॅन करता येतो, फूड लायसन्स, आधार, बिलं, कडा नीट कापून पीडीएफ होते, वेगळं ॲप नको. आणि लाडवांचे फोटो पिवळ्या बल्बखालीही खरे दिसतात, त्याने ऑर्डरी वाढल्या असं मी ठामपणे म्हणेन.

दहा दिवस झाले, यूपीआय, बँक, चॅट, फोटो, लोकलचा किंवा बसचा पास, सगळं नवीन फोनवर दिसतंय, मग जुना द्यायला काढा. आधी सेटिंगमधून गूगल अकाउंट काढा, मगच रीसेट मारा. अकाउंट तसंच राहिलं आणि तुम्ही बटणं दाबून रीसेट केला तर घेणाऱ्याकडे फोन तुमचा जुना पासवर्ड मागत बसतो. आणि सिमचा ट्रे पिन घालून पूर्ण बाहेर काढा, नुसतं सिम काढून परत आत ढकलू नका. बहिणीच्या फोनमध्ये सिमच्या मागच्या खाचेत मेमरी कार्ड तसंच होतं, त्यात तिच्या लेकाच्या बारशाचे सगळे फोटो.