जानेवारीत दिल्लीला जाताय? बॅग भरताना या चुका टाळा

"पुण्यात नाही का पडत थंडी, एक स्वेटर बास झाला" असं म्हणून बॅग भरली जाते ना, तिथेच पहिली चूक होते. आपल्याकडे पहाटे १० अंश असले तरी अकरापर्यंत ऊन तापतं आणि स्वेटर कमरेला बांधला जातो. दिल्लीत पारा पहाटे ४-५ वर येतो आणि दाट धुकं असलं की दुपारीसुद्धा १५ च्या आसपासच अडकतो, सूर्य दिसतच नाही. त्यात साध्या हॉटेलच्या खोलीत हीटर असेलच असं नाही, फरशीवर पाय ठेववत नाही.

दुसरी चूक आम्ही स्वतः केली. आईला दुकानातलं सगळ्यात जाड जॅकेट घेतलं आणि आत नुसता कॉटनचा कुर्ता, मग मेट्रोच्या गर्दीत तिला घाम फुटायचा आणि बाहेर पडलं की त्याच ओल्या कुर्त्याला वारं लागून बिचारी काकडायची. एका जाड कपड्यापेक्षा थर घाला: अंगालगत थर्मल (सैल नको, अंगाला बसणारं), त्यावर फुल बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता, मग स्वेटर आणि सगळ्यात वर वारं अडवणारं जॅकेट, म्हणजे लाल किल्ल्यावर ऊन पडलंच तर वरचे दोन काढून सॅकमध्ये टाकता येतात.

पायांकडे तर कोणीच बघत नाही. बंगला साहिब गुरुद्वारात बूट-मोजे काढून, पाण्यातून पाय धुऊन आत जायचं असतं आणि पुढे सगळा गार संगमरवर, आईची बोटं अक्षरशः निळसर पडली होती. बाहेर आल्यावर तेच दमट मोजे घालू नका, सॅकमध्ये छोटा नॅपकिन आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड ठेवाच. डोकं झाकावं लागतं म्हणून मोठा स्टोल घ्या, तोच एरवी कानाला गुंडाळता येतो.

धुक्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा "तिथे धुऊ" हा हिशोब सोडा आणि आतले कपडे, मोजे दिवसाला एक असे मोजून घ्या. कमी पडलंच तर घाबरू नका, सरोजिनी नगर किंवा जनपथला गरम कपडे मिळतात, फक्त सरोजिनी सोमवारी बंद असतं.

आणि रेल्वेने जात असाल तर गरम कपडे बॅगेच्या तळाला अजिबात नकोत. एसी डब्यात ब्लँकेट घेऊन झोपलेलं असताना थंडी कळत नाही, गाडी धुक्यामुळे लेट होते आणि निजामुद्दीनला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर सगळी बॅग उपसत बसावं लागतं. मथुरा आलं की सगळ्यांना उठवा आणि कानटोप्या, जॅकेटं चढवायला लावा.