रेझिनचे प्राणी घडवताना या चुका टाळा: कानाच्या टोकापासून फरच्या टाक्यापर्यंत

साच्यातून चेहरा बाहेर काढला तर डाव्या कानाचं टोकच गायब. रेझिन कमी पडलं असेल म्हणून दुसऱ्यांदा जास्त ओतलं, तरी तेच. तिसऱ्यांदा साचा टेबलावर आपटला, तिरका केला, दाबून पाहिला. टोक काही उमटलं नाही. शेवटी साचा उजेडात धरून नीट पाहिला तेव्हा उलगडा झाला. कान वरच्या बाजूला होता आणि त्याच्या टोकातली हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. रेझिन वर चढायचं, हवा टोकात कोंडायची आणि तिथेच अडून बसायची. ब्लेडने त्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत एक बारीक चीर दिली, पुढच्या खेपेला टोक अखंड आलं.

मातीत नमुना घडवायचा, त्याचा सिलिकॉनचा साचा करायचा, साच्यात रेझिन (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारं द्रव) ओतून चेहरा काढायचा, तो रंगवायचा आणि फरच्या अंगाला जोडायचा, या कामात असं सारखं होतं. बिघाड दिसतो एका पायरीवर आणि झालेला असतो एक-दोन पायऱ्या आधी. म्हणून इथल्या बहुतेक चुका मी त्या जिथे घडतात तिथे सांगितल्या आहेत.

घडवताना

पहिली चूक म्हणजे डोळे शेवटी बसवू म्हणून ठेवून देणं. खोबण अंदाजाने कोरली की नंतर कुठलाच डोळा त्यात नीट बसत नाही. एक तर तो मागे खोल जातो, नाही तर बटणासारखा पुढे येतो. जे डोळे वापरायचे आहेत तेच, किंवा त्याच मापाचे गोल मणी, मातीत आधी दाबा आणि त्यांच्याभोवती पापण्या घडवा. वरच्या पापणीने बुबुळाचा थोडा भाग झाकला पाहिजे. बुबुळ पूर्ण उघडं राहिलं की प्राणी कायम दचकल्यासारखा दिसतो, आणि ही नजर पुढे कितीही रंगकाम केलं तरी बदलत नाही. पॉलिमर क्ले (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी माती) डोळ्यांसकट भाजणार असाल तर डोळे काचेचेच घ्या, प्लॅस्टिकचे ओव्हनमध्ये वितळतात. बहुतेक पॉलिमर क्ले 110 ते 130 अंश सेल्सिअसला भाजली जाते. पाकिटावरचा आकडा पाळा आणि ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

सिलिकॉन बोटाचा ठसासुद्धा उचलतं. मूळ नमुन्यावर राहिलेला एक ठसा पुढच्या प्रत्येक कास्टवर, म्हणजे साच्यातून निघालेल्या प्रत्येक प्रतीवर, उमटणार आणि प्रत्येक कास्ट घासत बसावा लागणार. तो वेळ नमुन्यावरच घालवा.

चेहऱ्याच्या मागच्या कडेला सगळीकडून एक खोलगट खाच फिरवा. हीच खाच पुढे फर बांधायला लागते. ती नसेल तर फर फक्त गोंदावर टिकवावी लागते, आणि गोंदाची कड कधी ना कधी उचलली जातेच.

साचा करताना

सर्वाधिक नुकसान इथे होतं, कारण सिलिकॉन महाग आणि चूक कळते दुसऱ्या दिवशी.

साचा उघडला आणि नमुन्याला लागलेला थर चिकट, ओलसर राहिलेला असेल तर तो आणखी दोन दिवस ठेवूनही सुकणार नाही. प्लॅटिनम प्रकारच्या सिलिकॉनला गंधक चालत नाही. तेलाच्या मातीच्या काही प्रकारांत गंधक असतं, आणि लॅटेक्सच्या हातमोज्यांमुळेही हाच त्रास होतो. थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापलेला नमुना नीट धुऊन, यूव्ही प्रकाशात पूर्ण पक्का केलेला नसेल तर तिथेही असंच होतं. उपाय दोन. गंधक नसलेली माती आणि नायट्राइल मोजे वापरा, किंवा टिन प्रकारचं सिलिकॉन घ्या. ते याबाबत बरंच सोशिक असतं, मात्र त्याचे साचे काळानुसार थोडे आकसतात आणि लवकर ठिसूळ होतात. कुठलंही नवं सामान वापरण्याआधी चमचाभर सिलिकॉन कालवून त्याच्या एका तुकड्यावर लावून पाहा.

दुसरी मोठी चूक दोन भागांच्या साच्यात होते. पहिला अर्धा भाग तयार झाला, उलटला, आणि घाईत दुसरा भाग थेट त्यावर ओतला. सिलिकॉन बाकी फारशा कशाला चिकटत नाही, पण सिलिकॉनला घट्ट चिकटतं. मग हातात एकसंध ठोकळा येतो, आत नमुना अडकलेला. ब्लेडने कापून नमुना सोडवता येतो, पण असा कापलेला साचा क्वचितच नीट जुळतो. दुसरा भाग ओतण्यापूर्वी मोल्ड रिलीज (साच्याला काही चिकटू न देणारा लेप) किंवा व्हॅसलिनचा पातळ, सलग हात फिरवाच. काठावर, कोपऱ्यात, जुळणीसाठी केलेल्या खळग्यांत, कुठेही सुटता कामा नये.

ते जुळणीचे खळगेही विसरू नका. नमुन्याभोवतीच्या मातीत गोटी अर्धी दाबून काढली की सुंदर खळगा होतो. खळगे नसतील तर दोन्ही भाग एकमेकांवरून किंचित सरकतात आणि नाकाच्या मधोमध पायरी येते. दोन भागांची रेघ कुठून जाणार हेही आधी ठरवा. ती कानाच्या कडेवरून, जबड्याच्या खालून, जिथे पुढे फर येणार आहे तिथून न्या. गालावरून गेलेली रेघ घासताना बारीक सुरकुत्याही जातात.

हवेच्या वाटा कानाची टोकं, शिंगं, नख्या अशा प्रत्येक उंच जागी हव्यात. साचा ओतताना जसा उभा राहणार तसा मनात उभा करून विचारा, इथली हवा कुठून जाईल?

रेझिन ओतताना

कास्ट पावासारखा फुगून भोकं पडली तर ओल शोधा. पॉलियुरेथेन रेझिन ओलाव्याशी प्रक्रिया करून वायू सोडतं. कागदी पेला, लाकडी काडी, पाण्यातला रंग, उघडी राहिलेली बाटली, यांपैकी काहीही पुरतं. प्लॅस्टिकचे पेले वापरा, रेझिनसाठीचेच रंग घाला आणि बाटली काम होताच घट्ट बंद करा.

कास्ट मऊ किंवा चिकट राहिला तर प्रमाण चुकलंय, नाही तर ढवळणं अपुरं झालंय. प्रमाण वजनाने आहे की आकारमानाने, हे डब्यावर वाचा. दोन्ही घटकांची घनता वेगळी असल्याने एका मापाचा आकडा दुसऱ्याला लावला की गडबड होते. ढवळताना पेल्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. एकाच ठिकाणी चिकट डाग पडला असेल तर पेल्याच्या कडेला राहिलेलं, न मिसळलेलं रेझिन तिथे पडलेलं असतं.

लहान बुडबुड्यांसाठी साच्याच्या आतून मऊ ब्रशने थोडी टाल्कम पावडर फिरवा आणि जास्तीची झटका. रेझिन बारीक कोपऱ्यांत सहज उतरतं. मग बारीक धारेने, एकाच जागी ओता. प्रेशर पॉट (हवेच्या दाबाखाली कास्ट पक्का करायचं भांडं) वापरणार असाल तर साचाही दाबाखालीच बनवा. नाही तर सिलिकॉनमध्ये अडकलेले बुडबुडे दाबाने आकसतात आणि कास्टवर बारीक पुटकुळ्या येतात.

लवकर काढलेला कान हातातच वाकतो. घाबरू नका, पॉलियुरेथेन कास्ट गरम पाण्यात धरला की मऊ होतो, मग आकार देऊन थंड पाण्यात पक्का करता येतो.

एका गोष्टीत मात्र सवलत घेऊ नका. या रेझिनमधल्या आयसोसायनेटमुळे श्वसनमार्ग संवेदनशील होऊ शकतो, आणि एकदा झाला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम लागू शकतो. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर, मोजे, चष्मा आणि खेळती हवा, एवढं नसेल तर त्या दिवशी ओतू नका. घासकाम पाण्याखाली करा, म्हणजे धूळ उडत नाही.

रंग

रंगाचे पापुद्रे निघत असतील तर दोष बहुधा रंगाचा नसतो. कास्टवर मोल्ड रिलीजचा थर राहिलेला असतो. कोमट साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासा, वाळवा, हलका सँडपेपर मारा, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) द्या, मग रंग. रंग पातळ थरांत चढवा.

फर आणि अंग

फर कात्रीने कापली की कडेचे केस आखूड होतात आणि शिवण उघडी पडते. उलट्या बाजूने, धारदार ब्लेडने फक्त पाठीचं कापड कापा, केस हाताने हळूच सोडवा. कापण्याआधी लव कुठल्या दिशेने झुकते ते बाणाने पाठीवर काढून ठेवा. अंगावर लव खाली, आणि चेहऱ्याच्या कडेला ती पुढे झुकणारी हवी, म्हणजे रेझिन आणि फर यांची सांध केसांखाली लपते.

डोकं भरीव ओतलं की प्राणी सतत मान टाकतो. चेहरा पोकळ ठेवा, आणि बसणाऱ्या प्राण्याच्या बुडात काचेच्या किंवा स्टीलच्या बारीक गोळ्यांची थैली शिवा. अंगाला आकार देणाऱ्या आतल्या तारेची टोकं गोल वळवून टेपने गुंडाळा, उघडं टोक काही दिवसांत कापडातून बाहेर येतं. अ‍ॅल्युमिनियमची तार एकाच बिंदूवर पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, म्हणून सांध्यापाशी दोन-तीन तारा पिळून एकत्र घ्या. तयार प्राणी लहान मुलाच्या हाती खेळणं म्हणून देऊ नका, रेझिनच्या नख्या आणि डोळे सुटू शकतात.

फर चेहऱ्याच्या खाचेत मजबूत दोऱ्याने दोन फेरे घालून आवळा आणि गाठ हनुवटीखाली ठेवा. मग शिवणीत दबलेले केस सुईच्या टोकाने एकेक करून बाहेर ओढा. याला अर्धा तास सहज लागतो. केस गालावर आले की चेहरा अंगातूनच उगवल्यासारखा दिसू लागतो.