जुनं छप्पर उतरवताना या चुका टाळा

जुन्या छपराचा माल खराब होतो तो बहुधा उतरवण्याच्या दिवशीच. त्यातही दुपारनंतर, घरी जायची घाई लागली की.

सिमेंटचे जुने पत्रे हातोड्याने फोडून खाली टाकणारे इतके पाहिलेत की ओरडायचाही कंटाळा आलाय. त्यांत बहुतेकदा ॲस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, असतो. तपासणी झालेली नसेल तर आहे असंच धरा. पत्रा अखंड असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. फोडला, घासला, ग्राइंडर लावला की हवेत. ते श्वासातून आत गेले की होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर बऱ्याचदा 20 ते 40 वर्षांनी डोकं वर काढतो, त्यामुळे ‘आम्हाला कुठे काय झालं?’ हे मला ऐकवू नका. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. हे काम परवानाधारक माणसांचं: पत्रा भिजवून अखंड उतरवायचा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा आणि घातक कचऱ्यात द्यायचा. कुंपणाला नाही, भरावाला नाही. याचा पुनर्वापर नसतोच.

आता माझी फजिती. लोखंडी जस्ती पत्रे उतरवले, 30 नग, एकसे एक. पाऊस नुकताच थांबलेला. ओलेच एकावर एक आडवे रचले आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधलं. दोन महिन्यांनी गिऱ्हाईक आलं, मी वरचा पत्रा दाखवला. चकचकीत! तो उचलला तर खालच्यांवर पांढरी भुकटी. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकलं, हवा मिळाली नाही, आणि जस्तच खाल्लं गेलं. गिऱ्हाईक काही बोललं नाही, नुसतं बघत राहिलं. तेव्हापासून मी पत्रे पुसून, मध्ये लाकडी पट्ट्या घालून, एक टोक उंच ठेवूनच रचतो. वेळ जातो, जाऊ दे.

कौलं बोटाच्या पेराने वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर आत तडा आहे. आणि रचायची ती उभी, आडव्या थप्पीत खालची फुटतात.

जस्ती पत्रा गॅसने कापू नका. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. कात्री वापरा.

पत्र्याची जुनी भोकं पुन्हा वापरायचा हट्ट सोडा, नव्या रिपांशी (पत्रा ज्यांवर ठोकतात त्या आडव्या पट्ट्या) ती जुळत नाहीत. सरळ बुजवा.

वासे करवतीला लावण्याआधी खिळे काढा. सगळे. डोकं तुटलेलेसुद्धा.