सीपॅपची गुडगुड कशी थांबवली

स्लीप ॲप्नियामुळे (झोपेत श्वास मधेमधे थांबतो) मी रोज सीपॅप, म्हणजे नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावून झोपतो. थंडी पडली आणि त्यातून हुक्क्यासारखी गुडगुड सुरू झाली. बायको म्हणाली, "यापेक्षा तुमचं घोरणं परवडलं."

नळी काढून मशीन नुसतंच चालवून पाहिलं, तर शांत. म्हणजे मोटर ठीक होती. नळी उलटी धरली तेव्हा आतून पाणी ओघळलं. ह्युमिडिफायरची (हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या टाकीची) उबदार, दमट हवा गार खोलीतल्या नळीत थंडावते, वाफेचं पाणी होतं. ते नळीच्या झोळात साचतं आणि हवा त्यातून बुडबुडत जाते.

मशीन पलंगाशेजारच्या कपाटावरून गादीपेक्षा खालच्या स्टुलावर आणलं, म्हणजे पाणी टाकीकडे परततं. आर्द्रता ५ वरून ३ केली. जुन्या स्वेटरच्या बाहीची खोळ नळीवर चढवली (दिसते विचित्र, पण काम चोख). गुडगुड गेली.

उरली शिट्टी. ती नाकाच्या हाडाजवळून हवा निसटल्याची होती. मास्कचे पट्टे आवळले की वाढायची! मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ उशी रोज सौम्य साबणाने धुऊन, आडवं पडून, हवा चालू ठेवूनच पट्टे बसवले, तेव्हा थांबली. मास्कवरच्या बारीक छिद्रांतली सूं मात्र राहणारच. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो, ती कधीही बुजवू नका.

फिल्टर राखाडी झाला होता, तोही बदलला. दाबाच्या सेटिंगला हात लावला नाही. ते डॉक्टरांचं काम.