सीटीडीची क्षारता सुरुवातीला चुकीची येत असेल तर : माझा अनुभव

सुट्टीवर सोलापुरात आलोय. बाहेर उन्हाचा तडाखा, आणि लिहितोय बर्फाबद्दल!

अंटार्क्टिकाजवळ हवा उणे १२ अंश. जहाजावरून सीटीडी (समुद्राच्या पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र) पाण्यात सोडला की पहिले ४०-५० मीटर क्षारता ३४च्या आसपास यायला हवी, तिथे फारच कमी. आकडेही नुसते उड्या मारायचे. खोल गेल्यावर आपोआप नीट.

कनेक्टर साफ केले, केबल बदलली, सेन्सरही बदलला. फरक शून्य. दोन रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर काढल्या, डोकं पार फिरलं.

घोळ आमच्याच यंत्र धुण्याच्या पद्धतीत होता. डिस्टिल्ड पाणी सेन्सरच्या काचेच्या नळीत उरायचं आणि डेकवर गोठायचं; तो बर्फ वितळेपर्यंत क्षारता चुकीची यायची. गोडं पाणी शून्याला गोठतं, समुद्राचं साधारण उणे १.८ला. नळी तडकली नाही हे नशीब.

आता क्रम असा. यंत्र वर येताच थेट जहाजावरच्या बंदिस्त, गरम हँगरमध्ये. तिथेच धुवायचं, मग सिरिंजने हवा मारून नळी आणि पंपाच्या ट्यूब पूर्ण रिकाम्या करायच्या. पुढच्या वेळी सगळी तयारी आतच उरकायची, डेकवर यंत्र ताटकळत ठेवायचं नाही. पाण्यात सोडल्यावर आधी २० मीटरवर थांबायचं. आमचा पंप खारं पाणी लागल्यावर मिनिटभराने सुरू होतो, तो सुरू होऊन आकडे स्थिरावले की पृष्ठभागाजवळ आणायचं आणि तिथून खरी मोजणी. लाटा मोठ्या असतील तर फार वर आणू नका, हवा शिरते.

त्यानंतर वरचे आकडे एकदाही बिघडले नाहीत.