प्रेशर वॉशरची धार तुटते, पंप धडधडतो: नळाला पाणी कमी असेल तर

बाहेरची भिंत धुताना धार सारखी तुटायची. नोझल बदललं, जाळी साफ केली, क्लिपा आवळल्या, फरक शून्य. नुसता वैताग! शेवटी नळाखाली बादली लावून मोजलं: मिनिटाला जेमतेम 4 लिटर, मशीनला हवं 7. पाणी अपुरं पडून पंप हवा ओढत होता.

200 लिटरचा ड्रम पंपापेक्षा उंच ओट्यावर ठेवून मग भरला (भरल्यावर हलवणं विसरा). तळाच्या तोटीला पाऊण इंची आखूड पाइप, मध्ये फिल्टर. मशीन बंद ठेवूनच तोटी उघडली, ट्रिगर दाबून धरला. बुडबुडे थांबून सलग पाणी आल्यावरच स्विच चालू. नळ ड्रममध्ये सोडलेलाच ठेवला, त्यामुळे तासभर धार टिकते. ब्रशने घासताना ट्रिगर सोडायचा, तेवढ्यात ड्रम भरतो. पाणी उतरत तोटीच्या वर चार बोटंच उरलं की थांबायचं, नाहीतर पुन्हा हवा शिरते.