फ्लेक्सबॉक्स: कोण किती वाढणार आणि कोण किती आकसणार

मोबाईलवर पेज उघडलं की आडवा स्क्रोल येतो, "कॉल करा" बटण दोन ओळीत तुटतं, नावाचं पहिलं अक्षर दाखवणारा गोल चेपून अंड्यासारखा होतो. गोल, नाव आणि बटण एका ओळीत असतील तर ही तिन्ही दुखणी एकाच जागची आहेत, फ्लेक्सबॉक्सची, म्हणजे CSS मध्ये एका डब्यातल्या (कंटेनर) वस्तू (आयटम) ओळीत मांडायच्या पद्धतीची, आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वेगळे CSS नियम) लिहून ती दाबत बसण्याआधी पाच मिनिटं आकडेमोड समजून घ्या, खरंच खूप वेळ वाचतो.

ब्राउझर आधी प्रत्येक आयटमची मूळ रुंदी धरतो, ती म्हणजे फ्लेक्स-बेसिस. ऑटो असेल तर दिलेली विड्थ, तीही नसेल तर आतला मजकूर एका ओळीत जितका पसरेल तितकी. मग सगळ्यांची बेरीज करून कंटेनरशी तुलना करतो (गॅप असेल तर तोही यातच धरतो). जागा उरली तर ग्रो (कोण किती वाढणार), कमी पडली तर श्रिंक (कोण किती आकसणार), दोन्ही एकाच वेळी कधीच चालत नाहीत. त्यामुळे जागाच उरत नसेल तर ग्रो १०० करा नाहीतर १०००, काही हलणार नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आता वरचीच गोल, नाव आणि बटणाची ओळ घेऊ. कंटेनर ३६० पिक्सेल, गोल ४८, नाव एका ओळीत ४०२, बटण ९०. पॅडिंग आणि गॅप सध्या बाजूला ठेवू. बेरीज ५४०, म्हणजे तूट १८० ची. तुम्ही काहीच लिहिलं नसेल तर प्रत्येकाला ० १ ऑटो (क्रमाने ग्रो, श्रिंक, बेसिस) लागू असतं, म्हणजे वाढायचं नाही पण आकसायचं. आणि आकसताना तूट समान वाटली जात नाही, श्रिंकचा आकडा गुणिले मूळ रुंदी या प्रमाणात वाटली जाते, जो मोठा तो जास्त सोसतो. इथे प्रत्येकाचा एक तृतीयांश जातो, गोल ३२, नाव २६८, बटण ६०. गोलाची उंची मात्र ४८ च राहिली, म्हणून अंडं. बटणात "कॉल" आणि "करा" मध्ये स्पेस आहे, तिथे तुटलं. इंग्रजीत एका शब्दाचं बटण असतं तेव्हा हे दिसतच नाही, मराठीत भाषांतर केलं की "जतन करा", "रद्द करा" सगळीकडे हाच प्रकार, म्हणून टेस्टिंग मराठी मजकूर टाकूनच करा.

उपाय सोपा आहे. गोल आणि बटण दोघांना फ्लेक्स: नन, म्हणजे ० ० ऑटो, यांना हात लावायचा नाही. नावाला फ्लेक्स: १. आता नावाला ३६० वजा ४८ वजा ९०, म्हणजे २२२ मिळतात आणि ते गुपचूप दोन ओळीत बसतं.

पण कुणीतरी नावाच्या जागी लांबलचक ईमेल आयडी टाकला की पुन्हा आडवा स्क्रोल! कारण फ्लेक्स आयटमची मिन-विड्थ मुळात ऑटो असते, आतल्या सगळ्यात लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा तो लहान व्हायला तयारच नसतो, श्रिंक कितीही द्या. त्याला मिन-विड्थ: ० द्या, आणि शेवटी तीन टिंबं हवी असतील तर ओव्हरफ्लो हिडन, व्हाइट-स्पेस नोरॅप आणि टेक्स्ट-ओव्हरफ्लो एलिप्सिस. फ्लेक्सच्या आत फ्लेक्स असेल तर बाहेरच्या आयटमलाही मिन-विड्थ: ० लागतं, एका क्लायंटच्या साइटवर मी अख्खी दुपार आतल्या डब्यात घालवली आणि अडलं होतं त्याच्या बाहेरच्यात. कॉलममध्ये हेच मिन-हाइट: ० होतं, चॅटची यादी आतल्या आत स्क्रोल होत नसेल तर आधी तिथे बघा.

वाढण्याबद्दल एकच गैरसमज काढतो. ग्रो १ आणि १ म्हणजे दोन्ही सारखे रुंद असं नाही, उरलेली जागा सारखी वाटली जाते. ६०० च्या कंटेनरमध्ये मजकूर १०० आणि २०० चा असेल तर उरतात ३००, दोघांना दीडशे दीडशे, झाले २५० आणि ३५०. हे फ्लेक्स: ऑटो. फ्लेक्स: १ लिहिलं की बेसिस शून्य होतो, सगळे ६०० वाटायला येतात, मग ३०० आणि ३००. टॅब सारख्या रुंदीचे हवेत तर फ्लेक्स: १, मेनूत मोठ्या शब्दाला मोठी जागा हवी तर ऑटो. मला विचाराल तर ग्रो, श्रिंक सुटे लिहूच नका, तिन्ही एकत्र देणारा फ्लेक्स: हा शॉर्टहँडच वापरा, कारण नुसतं फ्लेक्स-ग्रो: १ लिहिलं तर बेसिस ऑटोच राहतो आणि कॉलम असमान का आले हे शोधत बसावं लागतं.

एवढं करूनही गणित जुळत नसेल तर फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये आयटम निवडून लेआउट पॅनेल उघडा, मूळ साइज किती, वाढला की आकसला, मिन-विड्थला अडला का आणि शेवटी किती झाला हे तिथे आकड्यांत दिसतं.